हरभरा कोणत्या प्रकरणात मोडतो

इतवारीतले भांड्यांचे व्यापारी चंपतराव हेडाऊ यांना पन्नाशीनंतर हरभऱ्याची ॲलर्जी झाली. नागपुरात राहून ही गोष्ट अडचणीची असते. येथे पोह्यांवर तिखट रश्श्याची तर्री असते आणि तर्रीत हरभरे असतात. पाटवडी बेसनाची, झुणका बेसनाचा, भजी बेसनाची आणि सणाला पुरण हरभऱ्याच्या डाळीचे. माणसाने साखर सोडली, मीठ सोडले, तरी लोक समजून घेतात. हरभरा सोडणारा माणूस मात्र गावच सोडून चालला आहे, अशा नजरेने त्याच्याकडे पाहिले जाते.

चंपतरावांनी तो हौसेने सोडला नव्हता. आधी दुकानात बसून भजी खाल्ल्यावर अंगावर गांधी उठल्या. मग कधीतरी ओठ सुजले. पुढे एका साक्षगंधात, म्हणजे साखरपुड्यात, झुणका-भाकर खाताना घसा आवळत आला आणि पत्नी जयवंताबाईंनी त्यांना ऑटोत घालून महाजीवन रुग्णालयात आणले. तेथे सलाईनमधून दिलेल्या औषधाने ते सावरले. तपासण्या करून डॉ. चिन्मयी यांनी सांगितले की, यापुढे हरभऱ्याचा कणही नको, आणि चुकून पोटात गेलाच तर रुग्णालयापर्यंत पोचायला वेळ मिळेल याची खात्री नाही. मांडीत टोचायची, औषध भरलेली एक तयार सुई कायम खिशात हवी. ती बाजारात मिळत नव्हती. रुग्णालय ती मागवून नोंदणीकृत रुग्णांना देत असे. फक्त आजाराची नोंद संगणकात संकेतांकासह व्हायला हवी होती.

डॉ. चिन्मयी यांनी संगणकात ‘हरभऱ्याची तीव्र ॲलर्जी’ असे लिहिले. संगणकाने विचारले, ‘अवयव?’

या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी रुग्णालयात एक स्वतंत्र कक्ष होता. त्याचे प्रमुख श्री. शालिकराम उमाटे हे सज्जन गृहस्थ होते. त्यांनी हेडाऊ दांपत्याला खुर्च्या दिल्या, पाणी दिले आणि समजावले की, जगातले सगळे आजार एका आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात प्रकरणवार बसवलेले आहेत. नाकाचे प्रकरण आहे, कातडीचे आहे, पोटाचे आहे. ॲलर्जी हा अवयव नसल्यामुळे तिला स्वतःचे प्रकरण नाही. ती जिथे दिसेल तिथे थोडी थोडी नोंदवायची असते. ‘ॲलर्जीचा पूर्वेतिहास’ असा एक संकेतांक होता, पण तो इतिहास होता, आणि इतिहासाला सुई मिळत नसे.

“मग माह्या मालकाले झालं तरी काय?” जयवंताबाईंनी विचारले.

“काही ना काही निघतेच बाई,” शालिकराम म्हणाले. “मात्र एका जागी निघत नाही.”

त्याप्रमाणे चंपतरावांना त्वचा, नाक आणि पोट या तिन्ही विभागांत पाठवण्यात आले. त्या दिवशी त्यांनी हरभरा खाल्लेला नसल्यामुळे तिन्ही विभागांना ते ठणठणीत आढळले, तरी डॉ. चिन्मयींच्या आग्रहाखातर प्रत्येकाने आपापल्या प्रकरणातला एकेक संकेतांक दिला. अडचण पुढे आली. एकाच माणसाला एकाच दिवशी तीन मुख्य आजार असणे संगणकाला मान्य नव्हते. यावर शालिकरामांनी नियमात बसणारा तोडगा काढला आणि तीन चंपतराव हेडाऊ नोंदवले. तिघांचे वय सारखे, पत्ता सारखा आणि पत्नीही एकच होती. त्याला संगणकाने हरकत घेतली नाही.

पोटाच्या चंपतरावांना आहाराचा सल्ला मिळाला. अशक्तपणा जावा म्हणून रोज सकाळी सातूचे पीठ घ्यावे, असे त्यात होते. सातूत भाजलेली हरभऱ्याची डाळ असते, हे जयवंताबाईंना चांगले ठाऊक होते. त्या तडक पोटाच्या विभागात गेल्या. तेथील डॉक्टरांनी पडद्यावर नोंद पाहिली आणि शांतपणे सांगितले की, या रुग्णाला हरभऱ्याची ॲलर्जी नाही. ती त्वचेच्या रुग्णाला आहे, आणि त्याला सातू कुणी दिलेलेच नाही.

जयवंताबाई रागावून पुन्हा शालिकरामांकडे आल्या. कोणता आजार लिहिला म्हणजे सुई मिळते तेवढे एकदा सांगा, असे त्या म्हणाल्या. शालिकरामांनी बराच शोध घेतला. ॲलर्जीने आलेला शॉक, असा एक संकेतांक निघाला. त्यावर सुई मिळत होती, पण रक्तदाब पुरेसा खाली गेल्याची नोंद लागत होती, आणि तीही याच रुग्णालयात झालेली.

“म्हणजे ह्यांले इथं आणून मारायचं काय?” जयवंताबाई म्हणाल्या.

“तसं नाही बाई,” शालिकराम म्हणाले. “थोडंसंच. आणि ओपीडीच्या वेळेत.”

चंपतरावांना या सगळ्याची लाज वाटू लागली होती. दुकानात गिऱ्हाईक खोळंबले असेल, सुईवाचून आजवर जगलोच की, चल घरी, असे ते बायकोला म्हणाले. घरी आल्यावर मात्र त्यांनी कबूल केले की, घसा आवळला तेव्हा आपण मेलो असेच वाटले होते, आणि तेव्हापासून जेवायला बसले की पहिला घास घेववत नाही.

मग एक चांगली बातमी आली. रोगवर्गीकरणाची नवी आवृत्ती निघाली होती आणि तीत जगभरच्या तज्ज्ञांनी ॲलर्जीला स्वतःचा विभाग मिळवून दिला होता. ॲलर्जीला घर मिळाले. महाजीवन रुग्णालयाने नव्या आवृत्तीच्या स्वागताचा समारंभ ठेवला आणि नव्या संकेतांकाचे पहिले मानकरी म्हणून चंपतरावांना सपत्नीक बोलावले. व्यासपीठावर त्यांना शाल दिली. ‘रुग्ण केंद्रस्थानी’ या विषयावर तीन भाषणे झाली. नंतर पोहे आले. चंपतरावांनी तर्री नको म्हणून सांगितले, आणि आयोजकांनी अतिशय काळजीपूर्वक बिनतर्रीचे पोहे त्यांच्या हाती दिले. बशी सुनी दिसू नये म्हणून कुणीतरी वरून शेव भुरभुरली होती, आणि ती कोथिंबिरीखाली गेली होती.

दुसऱ्या घासाला त्यांचा आवाज बसला. जयवंताबाईंनी बशी हिसकावून टाकली आणि डॉ. चिन्मयी तातडीच्या ट्रेकडे धावल्या. ट्रे ताब्यात ठेवणाऱ्या भांडारपालांनी संकेतांक विचारला. नवा संकेतांक सांगितल्यावर, भांडाराचा संगणक अजून जुन्याच आवृत्तीवर आहे, असे त्यांनी नम्रपणे निदर्शनास आणले. डॉ. चिन्मयींनी त्यांना बाजूला सारून ट्रे उघडला आणि शालीसकट आडव्या पडलेल्या चंपतरावांच्या मांडीत इंजेक्शन दिले. थोड्या वेळाने त्यांना श्वास आला. जयवंताबाई त्यांचा हात धरून फरशीवरच बसून राहिल्या.

आता तरी सुई मिळेल, असे त्यांना वाटले. पण चौकशी समितीने कागदपत्रे तपासून वेगळा निष्कर्ष काढला. नवी आवृत्ती समारंभापुरती स्वीकारलेली होती. प्रत्यक्ष अंमल पुढील आदेशानंतर व्हायचा होता. जुन्या आवृत्तीप्रमाणे शॉक आवश्यक होता, आणि डॉ. चिन्मयींनी घाईने इंजेक्शन दिल्यामुळे तो आलाच नव्हता. रुग्णाला वेळेआधी वाचवून त्याची पात्रता घालवल्याबद्दल त्यांना कारणे दाखवा नोटीस मिळाली आणि त्यांची बदली लसीकरणाच्या शिबिरांवर झाली. सुईचे प्रकरण ‘पुढील झटक्यापर्यंत’ स्थगित ठेवण्यात आले.

पुढचा झटका खापरखेड्याला आला. चंपतरावांची मुलगी नंदिनी तेथे वीज कामगारांच्या वसाहतीत दिलेली होती. नातवाच्या वाढदिवसाला तिच्या सासूबाईंनी, कुसुमताईंनी, व्याह्यांना आग्रहाने बोलावले. नंदिनीने आठवडाभर आधी घरात सगळ्यांना बजावले होते. कुसुमताईंनी ते मनावरही घेतले; भजी केली नाहीत, पुरण केले नाही. फक्त कढी होती. चंपतरावांनी वाटी बाजूला सरकवली.

“घ्या जी व्याही,” कुसुमताई म्हणाल्या. “हरभरा नाही यात. एकच घोट, माह्या हातचा.”

व्याह्यांच्या घरी किती वेळा नाही म्हणायचे, याला मर्यादा असते. चंपतराव प्यायले.

गाडी मिळाली, रस्ताही मोकळा होता. शहर तेवढे दूर होते. वाटेतल्या कोराडीच्या अलीकडेच जयवंताबाईंच्या लक्षात आले की, आपण एकट्याच बोलून राहिलो आहोत.

मृत्यूचे कारण ‘हृदयक्रिया बंद पडणे’ असे लिहिले गेले. ते खोटे नव्हते; हृदय बंद पडलेच होते, आणि हृदयाला स्वतःचे प्रकरण आहे. तिसऱ्या दिवशी जयवंताबाईंनी विहीणबाईंना एकच गोष्ट विचारली, आणि त्या रडत म्हणाल्या, “कढी फाटू नये म्हणून चमचाभर बेसन लावलं होतं वं. बेसनाले काय कोणी हरभरा म्हणते?” बसायला आलेल्या सगळ्यांना ते पटले. त्यांचे हार्टच वीक होते, असे कुणीतरी म्हणाले आणि सर्वांनी माना डोलावल्या.

महाजीवन रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात ॲलर्जीने झालेले मृत्यू शून्य दाखवले आहेत. मृत्यूच नसल्यामुळे पुढील वर्षी सुया मागवायचे कारण उरलेले नाही. अहवाल बिनचूक आहे. त्यामुळे पंगतीत शेजारच्या माणसाने वाटी दूर सारली, तर ‘एवढ्याशाने काही होत नाही’ असे म्हणायला आपण सर्व जण मोकळे आहोत. तसे आपण म्हणतोच.