चपलांचा नमस्कार

ठवकर सरांचा कराटेचा क्लास तासाभराचा होता. त्यानंतरचा निरोप सव्वा तासाचा.

हे मी वाढवून सांगत नाही. वाढवून सांगायची सवय मला आहे, पण ती पुढे कामी येईल, इथे गरज नाही. साडेपाचला लाथाबुक्क्या सुरू, साडेसहाला बंद, आणि मग सुरू व्हायचे नमस्कार. आधी सर आम्हाला, मग आम्ही सरांना. जुने शिष्य नव्यांना, नवे जुन्यांना. ज्याने ज्याला मारलं त्याने त्याला. मग दोर गुंडाळलेल्या खांबाला, कारण तासभर आमचे गुद्दे त्याने खाल्ले. मग पायाखालच्या भुशाला. मग दाराच्या चौकटीला. आणि सगळ्यात शेवटी, बाहेर ओळीने मांडलेल्या आपापल्या चपलांना. यातला एक जरी नमस्कार राहिला, तरी सर हात वर करायचे.

"चुकलं! पयलेपासून!"

माझी नात हल्ली मनीषनगरात कराटे शिकते. परवा तिला आणायला गेले, तर क्लास संपल्याबरोबर पोरं 'बाय सर' करून चिमण्यांसारखी भुर्र झाली. माझ्या तोंडून निघून गेलं, "चुकलं! पयलेपासून!" नातीने मला हाताला धरून लगबगीने रिक्षात बसवलं.

गोष्ट सत्तरच्या दशकाच्या शेवटाची. मी कॉलेजात होते, दोन वेण्या घालत होते, आणि माझी पक्की समजूत होती की मी नुसते डोळे वटारले तरी समोरचा माणूस गार पडतो. प्रत्यक्षात मला तेव्हा चष्मा लागलेला होता आणि फॅशनपायी मी तो घालत नव्हते. त्यामुळे समोरच्याचं नेमकं काय होतं, ते मला कधी दिसलंच नाही. त्याच सुमारास गावात मारामारीच्या परदेशी सिनेमांची लाट आली. गल्लीतला जो तो हवेत लाथा झाडत फिरू लागला. मी आईला सांगितलं, "मी कराटे शिकणार. संरक्षणासाठी."

आई भाजी चिरत होती. तिने वरही न पाहता विचारलं, "कोणाच्या वं? त्याईच्या का तुह्या?"

क्लास भरायचा इतवारीत, एका आरा मशीनच्या मागच्या शेडमध्ये. संध्याकाळी लाकूड कापणं थांबलं की मशीनवाले शेठ शेड मोकळी करून द्यायचे. आमच्या पायाखाली गादी नव्हती, चांगला वीतभर लाकडाचा भुसा होता. पडलं तर लागायचं नाही, फक्त आठवडाभर कानातून भुसा निघायचा. फळ्या फोडायच्या कार्यक्रमाला शेठ फळ्याही द्यायचे, पण वाळवी लागलेल्या. त्या आमच्या किंकाळीनेच फुटायच्या. मी मात्र घरी येऊन उजवा हात गळ्यात बांधून फिरायचे, म्हणजे लोकांनी विचारावं.

सर दिसायला अगदी काडी. मिशी होती म्हणून चेहरा होता, असं क्लासातला बबन म्हणायचा. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात कारकून होते आणि पार्सलवर शिक्का मारतानाही 'हाऽय्' करून श्वास सोडायचे. ऐन तारुण्यात नोकरीच्या ट्रेनिंगला कलकत्त्याला गेले, तिथे एका चिनी चपलेवाल्याकडे ही विद्या शिकले. जपानी विद्या, चिनी गुरू, बंगाली शहर आणि शिकून आलेला वऱ्हाडी माणूस. यात मूळचं किती उरलं असेल, हा प्रश्न आम्हाला पडला नाही. चपलांना नमस्कार का, हे मात्र मी विचारलं होतं. सर म्हणाले, "गुरूचा धंदाच तो होता, पोरी. चप्पल म्हणजे गुरूघर." पटलं. त्या वयात मला काहीही पटायचं, फक्त आई बोलली की पटायचं नाही.

सरांचं सगळं शास्त्र एका वाक्यात होतं: "आधी मान, मंग मार." म्हणजे कोणावरही हात उचलण्यापूर्वी त्याला वाकून नमस्कार करायचा. आणि मार बसला तर बसलेल्याने मारणाऱ्याचे आभार मानायचे, "कारण त्यानं तुले तुही चूक दाखवली." आमचा बबन, ज्याच्या वडिलांचं तर्री-पोह्याचं दुकान होतं आणि ज्याच्या अंगावर ते दिसायचं, तो तासभर आभारच मानत असायचा.

मी हे शास्त्र घरी आणलं. उशिरा आले म्हणून आईने पाठीत लाटणं हाणलं. मी दोन पावलं मागे सरले, टाचा जुळवल्या, कमरेतून वाकले आणि म्हणाले, "धन्यवाद." आईच्या हातातलं लाटणं गळालं. रात्री तिने माझी मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली.

दुसरा प्रयोग रस्त्यावर झाला. आमच्या कॉलेजच्या वाटेवर एक सायकलवाला रोज शीळ घालायचा. एके दिवशी मी ठरवलं, आज याचा निकाल लावायचा. सायकल अडवली. पोझ घेतली. पण रीत म्हणजे रीत. आधी मान! मी त्याला वाकून नमस्कार केला. तो बिचारा घाबरून सायकलवरून उतरला, त्याने हात जोडले, म्हणाला, "नमस्कार ताई," आणि सायकल हातात धरून पायीपायी निघून गेला. पुन्हा त्या रस्त्याला दिसला नाही. मी फार हिरमुसले. एवढी लाथ घोटवली होती, ती वायाच गेली.

सरांना सांगितलं तर ते आनंदाने भुशात नाचले. "पाह्य, पाह्य! निम्म्या रस्त्यातच जिंकली नं वं!"

त्या लांबलचक निरोपाला आम्ही काय कंटाळायचो! बबनच्या पोटात खांबाच्या नमस्कारापासूनच गुरगुर सुरू व्हायची. त्यात प्रत्येक नमस्कारानंतर सर थांबून एकेकाची चौकशी करायचे.

"तुह्या घरी आज काय भाजी हाय?"

"भरीत, सर."

"हिरव्या मिरचीचं का लाल तिखटाचं?"

"माहीत नाही, सर."

"माहीत करून घेजो. शिष्याच्या जेवणाची खबर ठेवायची गुरूची रीत हाय." मग पुढच्याकडे. "अन् तुह्या घरी गा, बबन?"

बबनकडे नेहमी तर्रीच असायची, तरी त्याला रोज विचारायचे. सरांचा स्वतःचा डबा, खानावळीतून आणलेला, अॅल्युमिनियमचा, शेडच्या खिडकीत ठेवलेला असायचा. त्यांच्या पत्नीला जाऊन कैक वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, रेल्वेच्या क्वार्टरमध्ये ते एकटेच राहायचे. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. शेडचं छप्पर टिनाचं आहे हे जसं माहीत होतं, तसंच.

आणि मग धरमपेठेत नवीन क्लास निघाला. भिंतीला आरसे, खाली निळ्या गाद्या, आणि शिकवणाऱ्याच्या कमरेला काळा पट्टा. आमची पोरं एकेक करून तिकडे सरकू लागली. चपलांची ओळ आखूड होऊ लागली. सर हसण्यावारी न्यायचे. पण एकदा खांबाचा दोर घट्ट करताना म्हणाले, "सगळेच गेले त मी संध्याकाळी करू काय, सांग?" मी म्हटलं, "सर, आराम करा." किती शहाणी होते मी!

शेवटी सरांनी मुंबईचे एक मोठे परीक्षक बोलावले. तेही कलकत्त्याच्या त्याच चपलेवाल्या गुरूंकडे शिकलेले. त्यांनी परीक्षा घेऊन पिवळे पट्टे दिले की उरलेली पोरं टिकतील, असा हिशेब होता. शेडमध्ये नवीन भुसा आला. बबनच्या आईने पोहे पाठवले. आम्हाला मांजरपाटाचे नवे सूट शिवले, पायजमेवाल्या शिंप्याकडून, म्हणून प्रत्येकाला नाडा होता. आणि सरांनी सकाळीच बजावलं, "आज निरोप छोटा. एक नमस्कार, अन् घर."

"काहून सर?"

"पाहुण्याची गाडी हाय." आणि ते खांबाकडे पाहू लागले.

परीक्षा झकास झाली. माझ्या उंच लाथेला नाडा तुटला, पण मी एका हाताने पायजमा आणि दुसऱ्या हाताने शत्रू असे दोन्ही सांभाळले, आणि परीक्षकांनी खास शाबासकी दिली. सगळ्यांना पिवळे पट्टे मिळाले. परीक्षकांनी एकदा वाकून नमस्कार केला, आम्ही केला, संपलं. ते दारात बसून बूट घालू लागले.

आता तुम्हीच सांगा. कमरेला पहिला पट्टा, अंगात दहा हत्तींचं बळ, आणि डोळ्यांदेखत एक माणूस बुटांना नमस्कार न करता ते पायात घालतोय. सकाळची सूचना माझ्या डोक्यातून भुशासारखी उडून गेली. मी ओरडले, "थांबा!"

माझ्या आयुष्यातली सगळ्यात उत्तम किंकाळी तीच. परीक्षकांच्या हातून बुटाची नाडी सुटली.

"साहेब, बुटांचा नमस्कार राहिला."

"काय राहिला?"

"बुटाचा जी," बबनने समजावलं आणि करूनच दाखवला. "खांबाचा बी राह्यला तुमचा. अन् भुशाचा. आता पयलेपासून कराव लागते."

परीक्षक आधी बघतच राहिले. मग इतके हसले की डोळे पुसायला रुमाल काढावा लागला. "अहो ठवकर, हे कुठून काढलंत? आपले गुरुजी तर वेळ संपली की हातात झाडू घेऊन हाकलायचे आपल्याला! त्यांना दुकान उघडायचं असायचं." शेठ हसले, पोरं हसली. सरही हसले. त्यांचे कान मात्र लालबुंद झाले होते.

दुसऱ्या दिवशी क्लास साडेसहाला संपला. सरांनी आमच्याकडे न बघता एक नमस्कार केला, म्हणाले, "झालं. जा घरी," आणि खराटा घेऊन भुसा सारखा करू लागले.

आम्ही बाहेर आलो. ऊन अजून होतं. इतवारीची दुकानं उघडी होती. इतक्या लवकर घरी जाऊन करायचं काय, हे कोणालाच सुचेना. हवं ते मिळालं होतं आणि तरी आम्ही सगळे चपला पायात न घालता त्यांच्याकडे बघत उभे. बबनच्या पोटातसुद्धा आवाज नव्हता.

मी मागे वळून पाहिलं. भुसा सारखा करून झाला होता, तरी सर तीच जागा पुन्हा सारखी करत होते. खिडकीत डबा होता. बाकी शेडमध्ये कोणी नव्हतं.

मी आत गेले. "सर, चपलांचा नमस्कार राहिला."

खराटा थांबला. "नसते वं तसं काही. ऐकलं नं तू काल."

"मला काय माहीत. माझे गुरू तुम्ही आहात. रीत म्हणजे रीत."

सरांनी खराटा पुन्हा चालवला. तेवढ्यात मागून बबनने हात वर केला आणि गरजला, "चुकलं! पयलेपासून!"

पोरं भराभर आत आली. ओळ लागली. आम्ही सरांना वाकलो, जुने नव्यांना वाकले, मार खाल्लेले मारणाऱ्यांना. खांबापाशी आलो तेव्हा सर नेहमीसारखे थांबले. खाकरून म्हणाले, "अन् काय वं, तुह्या घरी आज काय भाजी हाय?"

"मेथी," मी म्हटलं. "आणि तुमच्या डब्यात, सर?"

इतक्या दिवसांत हे आम्ही कोणीच त्यांना विचारलेलं नव्हतं. त्यांनाही उत्तर माहीत नव्हतं. ते खिडकीपाशी गेले, पाठमोरे उभे राहून डबा उघडला, आणि आत वाकून पाहिलं.

"आलू-वांगं दिसते," ते म्हणाले.

"हिरव्या मिरचीचं का लाल तिखटाचं?" बबनने विचारलं.

त्यांनी बोट बुडवून चाखलं. मग ते त्यावर बोलायला लागले, आणि भुशाच्या नमस्कारापर्यंत पोचायलाच आम्हाला अंधार पडला.

घरी गेले तर आई दारातच उभी होती, हातात लाटणं घेऊन. मी पायातल्या चपला काढल्या, ओळीने मांडल्या, त्यांना वाकले. मग चौकटीला. मग आईला.

"धन्यवाद," मी म्हटलं. अजून तिने मारलं नव्हतं.