राखीव पालक

फ्रीझरच्या वरच्या कप्प्यात पालकाची एक पिशवी विनातारीख आढळून आली, तेव्हा साहेबांना निवृत्त होऊन जेमतेम महिना झाला होता. पुरवठा खात्याच्या मध्यवर्ती कोठारावर त्यांनी उभी हयात काढली होती. त्यांच्या कारकिर्दीत त्या कोठारातून एक खिळाही विनाकारण बाहेर पडला नाही. कारण असतानाही क्वचितच पडला. ज्यांना खिळे हवे होते त्यांच्या खुर्च्या मोडल्या, खिडक्या निखळल्या, एका शाळेचं छप्पर उडालं. पण साठा कधी कमी भरला नाही. अशा माणसाला पहिले तीन आठवडे घरात काय करावं ते सुचत नव्हतं. चौथ्या आठवड्यात ती पिशवी सापडली.

"ही कधीची?" साहेबांनी विचारलं.

"पालकाची," सिस्टर म्हणाली.

"कशाची नाही विचारलं. कधीची?"

"असेल मागच्या सुट्टीची. नाहीतर त्याच्या मागच्या. अहो, खायचीय ती, वाढदिवस करायचा नाही तिचा."

सिस्टर म्हणजे साहेबांची बायको. ती इस्पितळात परिचारिका होती आणि अख्खी इमारत तिला सिस्टरच म्हणायची, सख्खा दीरसुद्धा. पाळ्यांची नोकरी, घरात म्हातारी सासू आणि स्वतःहून पाण्याचा पेलाही भरून न घेणारा नवरा, यांतून तिने आपल्यापुरती वाट काढली होती. सुट्टीच्या दिवशी ती पालकाच्या जुड्या आणायची, निवडून धुवायची, उकळत्या पाण्यातून क्षणभर काढून लगेच बर्फाच्या पाण्यात टाकायची म्हणजे रंग हिरवागार राहायचा, आणि घट्ट पिळून मुठीएवढे गोळे पिशव्यांत भरून गोठवायची. ड्यूटीवरून आलं की कढईत लसूण परतायचा, वर एक गोळा टाकायचा, हातपाय धुऊन होईतो भाजी तयार. वर्षानुवर्षं हे असंच सुरू होतं. या व्यवस्थेत दोष एकच होता. ती चालत होती, आणि कुणीच चालवत नव्हतं.

साहेबांनी सूत्रं हाती घेतली.

प्रथम प्रत्येक पिशवीवर तारीख आली. मग 'आधी आलेला माल आधी जाईल' हा नियम आला. दोन्ही गोष्टी शहाणपणाच्या होत्या आणि सिस्टरने तसं मोकळेपणाने कबूलही केलं. तिथेच तिचं चुकलं. कौतुकाने माणूस सुधारतो म्हणतात; साहेब मात्र विस्तारले. एका संध्याकाळी फ्रीझरसमोर उभे राहून त्यांनी गंभीरपणे एक निरीक्षण नोंदवलं.

"आपण पिशवी काढली की साठा कमी होतो."

"होणारच की."

"हे किती दिवस चालायचं?"

दुसऱ्या दिवशी 'किमान राखीव साठा' अस्तित्वात आला. ठरावीक पातळीच्या खाली पिशवी काढायची नाही. ती पातळी कुठे आहे, हे साहेब सोडून कुणाला माहीत नव्हतं. आणि पिशव्या वाढल्या की पातळीही वाढत होती. फ्रीझर जितका भरे, तितकी टंचाई तीव्र होई. सिस्टर ड्यूटीवरून येऊन म्हणायची, "एक गोळा द्या हो, पोटात कावळे ओरडताहेत," आणि साहेब चष्मा पुसत म्हणायचे, "मागणी आगाऊ नोंदवायला हवी होती."

"मला भूक आगाऊ लागत नाही."

"नियोजनाचा अभाव," साहेब म्हणायचे. त्यात राग नसायचा, खेद असायचा.

मग ताजा पालक आणून लगेच शिजवावा, तर तेही नियमबाह्य ठरलं. ताजा माल परस्पर कढईत टाकणं म्हणजे साठ्याला डावलणं; आलेला प्रत्येक पाला आधी जमा व्हायलाच हवा. तेव्हा घरात रोज पालक येऊ लागला, रोज निवडला, धुतला, उकळला, पिळला जाऊ लागला, आणि जेवायला रोज बटाटा. सिस्टरची बोटं इतकी हिरवी झाली की इस्पितळात एका डॉक्टरांनी तिला कसला संसर्ग झालाय का म्हणून विचारलं.

फ्रीझर पुरेना. साहेबांनी एका बंद पडलेल्या आइस्क्रीमच्या दुकानातून काचेच्या झाकणाची भली मोठी पेटी आणली. तिच्यावर कोन चाटणारं एक गुबगुबीत मूल रंगवलेलं होतं. पेटी बाहेरच्या खोलीत सोफ्याच्या जागी बसली, सोफा सासूबाईंच्या पलंगाच्या जागी गेला आणि सासूबाईंचा पलंग पेटीला खेटून लागला. फ्रीझरमधला सगळा साठा तिच्यात हलवला आणि झाकणाला कुलूप घातलं. किल्ली साहेबांच्या सदऱ्याच्या खिशात. म्हातारीला उशीवरून काचेआड रचलेले हिरवे गोळे छान दिसत. "बाई गं, केवढं हे वैभव," ती सुनेला म्हणाली, "आणि ताटात पुन्हा बटाटाच."

इमारतीतले लोक साठा पाहायला येऊ लागले. खालच्या मजल्यावरचे वकील, ज्यांच्या घरी चूल फक्त चहापुरती पेटायची, काचेवर हात ठेवून भारावल्यासारखे उभे राहिले. "याला म्हणतात शिस्त! वहिनी, नशीबवान आहात." सिस्टर तेव्हा पालकाची जुडी निवडत होती. तिने मान वर केली नाही.

महिन्याभरात इमारतीतल्या घराघरांत राखीव साठे उभे राहिले. जिन्यात भेटलं की लोक तब्येतीऐवजी पातळी विचारू लागले. आपण काय खाल्लं हे सांगण्यात पूर्वी प्रतिष्ठा होती. आता काय खाल्लं नाही, हे सांगण्यात आली.

अशात सासूबाई तापाने आजारी पडल्या. ताप उतरला, पण तोंडाची चव गेली. अन्न पुढे केलं की मान फिरवायच्या. हातांच्या काड्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, "जे मागतील ते द्या. पोटात काहीतरी गेलंच पाहिजे." म्हातारीने बराच विचार केला, काचेकडे बघितलं आणि म्हणाली, "पालकाचं पातळसं काहीतरी दे गं. लसूण घालून. गरम."

इतक्या दिवसांत तिने प्रथमच काही मागितलं होतं. सिस्टर हरखली. ती साहेबांपुढे हात पसरून उभी राहिली. "किल्ली द्या."

"हा साठा राखीव आहे," साहेब म्हणाले.

"कशासाठी?"

"आणीबाणीसाठी."

"मग ही काय आहे?"

"आणीबाणीची व्याख्या अजून व्हायची आहे. घाईघाईत केली तर उद्या कुणीही उठेल आणि आजारी पडेल."

पलंगावरून क्षीण आवाज आला. "अरे, मी तुझी आई आहे."

साहेबांचे डोळे पाणावले. तो त्यांच्या आयुष्यातला कसोटीचा क्षण होता. "म्हणूनच, आई," ते म्हणाले, "म्हणूनच देता येत नाही. लोक म्हणतील, घरच्यांना वशिल्याने दिलं."

सिस्टर पिशवी घेऊन कोपऱ्यावरच्या भाजीवालीकडे गेली. टोपलीत बटाटे होते, कांदे होते, पालक नव्हता.

"कुठून असणार, ताई? गाडी उतरते न उतरते तोच तुमच्या इमारतीतली माणसं उचलून नेतात. सगळा पालक तिथंच आहे बघा तुमच्याकडं."

मग ती इमारतीत मजल्यामजल्यावर गेली. प्रत्येक दारात तिचं हसून स्वागत झालं, सासूबाईंची आस्थेने चौकशी झाली, एका घरात तर चहाही मिळाला. पालक मात्र कुणी दिला नाही. "असता तर दिला नसता का? म्हणजे आहे; पण राखीव आहे हो." वकिलांनी तिला दारापर्यंत सोडलं. "वहिनी, तुम्हाला नाही म्हणताना जीव तुटतो. पण तुमच्याच साहेबांची शिकवण. तुमच्यासाठी मोडली तर त्यांना काय वाटेल?"

जिन्यात ती क्षणभर कठड्याला धरून उभी राहिली. आयुष्यभर तिने परक्या माणसांना चमच्याने भरवलं होतं. आणि घरात माणूस वाळत चाललं होतं, तेही हिरव्या डोंगराला टेकून. तिला रडू आलं नाही. इस्पितळात असं रडू न येण्याचे क्षण तिने पुष्कळ पाहिले होते. त्यानंतर हात आपोआप कामाला लागायचे.

घरी येऊन तिने पलंगामागे झाडू मारण्याच्या निमित्ताने पेटीची पिन भिंतीतून काढली.

उन्हाळा होता आणि पेटी म्हातारीइतकीच थकलेली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पेटीखालून हिरवट पाण्याचा ओघळ निघाला आणि साहेबांच्या चपलेपर्यंत आला. साहेबांनी किंकाळी फोडली, कुलूप काढलं, झाकण उघडलं. गोळे मऊ पडले होते.

"तुमचाच नियम आहे," सिस्टरने पेटीवर चिकटवलेल्या कागदावर बोट ठेवलं. "'वितळलेला माल पुन्हा गोठवू नये, तात्काळ वापरावा.' करू तात्काळ?"

साहेब डगमगले, पण पुरवठा खातं असं सहजासहजी हरत नाही. "वापरायचा असतो तो साठा," ते म्हणाले. "वितळला की तो साठा राहत नाही, नुकसान होतं. नुकसान खायचं नसतं, पंचांसमक्ष नष्ट करायचं असतं. कशाला हात लावू नकोस." आणि पंच जमवायला ते धावत खाली गेले. किल्ली कुलपातच राहिली.

पंच येईतो लसूण लालसर झाला होता. वकील, त्यांच्या पत्नी आणि वरच्या मजल्यावरचे दोघे गंभीर चेहऱ्याने आत शिरले आणि वासाने जागच्या जागी थबकले. पलंगावर सासूबाई उशीला टेकून बसल्या होत्या. सिस्टर त्यांना वाटीतून भरवत होती आणि म्हातारी प्रत्येक घोटाला डोळे मिटत होती.

मग वकिलांनी घसा साफ केला. "नष्ट करण्याआधी मालाची तपासणी व्हायला हवी. कायदेशीर बाब आहे." त्यांना एक वाटी मिळाली. पहिल्या वाटीत निष्कर्ष निघाला नाही. दुसरीत मतभेद झाले. तिसऱ्या वाटीनंतर माल सुस्थितीत होता यावर पंचांचं एकमत झालं. पण तोवर माल उरला नव्हता. साहेबांनीही खरवडून एक वाटी घेतली आणि रिकाम्या पातेल्याकडे बघत हळहळले, "चव उत्तम आहे. अशी चीज जपून ठेवायला हवी होती."

उजाडताच ते भाजीवालीच्या टोपलीपाशी रांगेत पहिले होते. मागे पंच उभे होते.

सासूबाईंच्या अंगात मात्र थोडी धुगधुगी आली. त्या उठून बसल्या, वेणी घालून घेतली आणि म्हणाल्या, "नातीला फोन लाव. बघावंसं वाटतंय तिला."

नात, म्हणजे साहेबांची आणि सिस्टरची एकुलती एक लेक, दुसऱ्या शहरात मोठ्या कचेरीत होती. सिस्टरने तिला सगळी हकीकत सांगितली. लेक हसून हसून लोळायची बाकी राहिली. "बाबा पण ना! स्वतःच्या आईला पालक नाही दिला? राखीव आहे म्हणे! आई, मी हे सगळ्यांना सांगणारे. अशी माणसं असतात तरी कशी गं?"

सिस्टरही हसली. खूप दिवसांनी. मग म्हणाली, "चार दिवस येऊन जा ना. आजी वाट बघतेय."

"यायचंय गं, खूप यायचंय."

"रजा नाही का?"

"रजा आहे की, ढीगभर साठलीय. गेल्या वर्षीचीही पुढे आणलीय. पण ती ठेवलीय गं तशीच, अगदीच काही झालं तर लागेल म्हणून. आजी आता बरी आहे ना?"

"बरी आहे."

"मग झालं तर. काही झालंच तर येईनच ना मी."

फोन ठेवल्यावर सासूबाईंनी पलंगावरून विचारलं, "काय म्हणाली गं?"

सिस्टरने त्यांच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं. "हसली," ती म्हणाली. "खूप हसली बाबांना."