‘धार कशी हाय?’ विचारणारे साळवे नाना

आमच्या दवाखान्यात लघवीची तक्रार घेऊन आलेला माणूस डॉक्टरांच्या तावडीतून सुटायचा, पण नानांच्या नाही. कागद घेऊन तो बाहेर पडला की रेकॉर्डच्या खिडकीतून एक मान बाहेर येई आणि भर व्हरांड्यात प्रश्न येई, "बाबा, धार कशी हाय?" बाबा गोरामोरा होऊन सुनेकडे बघे. सून भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचायला लागे.

ही मान प्रल्हाद साळवे यांची. आम्ही सगळे त्यांना नाना म्हणायचो. दवाखाना सहकारी साखर कारखान्याचा, दिंद्रुडच्या रस्त्याला. नाना रेकॉर्ड क्लार्क आणि मी शेजारच्या खोलीत औषधं देणारा. कारखान्याने सभासदांसाठी विमा काढला आणि त्याबरोबर एक नियम आला. प्रत्येक आजाराचा ठरलेला नंबर कागदावर लिहायचा. नंबर चुकला की विम्याचा कागद परत. त्या नंबरांचं जाडजूड पुस्तक आलं आणि ते शिकायला नानांना तीन दिवस बीडला पाठवलं. गेले तेव्हा बरे होते. आले ते हे असे.

ताप, जुलाब, विंचू, सगळ्यांचे नंबर नाना मुकाट्याने लिहीत. घोडं अडायचं ते फक्त लघवीपाशी. आमचे डॉक्टर तरुण आणि घाईचे. ते ‘लघवीला त्रास’ एवढंच खरडायचे. नाना कागद घेऊन सरळ केबिनमध्ये.

"साहेब, त्रास म्हंजी काय? त्रास तर समद्या तालुक्याला हाय. त्याला नंबर न्हाई."

"मग तुम्हीच विचारा ना पेशंटला!" डॉक्टर एकदा वैतागून म्हणाले. नानांनी तो लेखी हुकूम मानला.

पण लोक सांगतील तर शपथ. साठ-सत्तरीचा माणूस, कमरेचं दुखणं तासभर सांगेल, याबद्दल अवाक्षर काढणार नाही. त्या साली दुष्काळ होता, गावात टँकर दोन दिवसांआड यायचा आणि लहानथोर पाण्याशिवाय दुसरं काही बोलत नव्हते. नानांनी तीच बोली उचलली.

"तोटी सोडली की लगीच येतं, का वाट बघावी लागती? हापशावानी जोर लावावा लागतो का? बंद केल्यावर गळतं का?"

म्हातारे एकदम खुलले. "हापसावंच लागतंय बघा, आन तेबी चूळभर." नाना समाधानाने नंबर लिहीत, आर एकोणचाळीस पॉइंट एक.

ऊसतोडीवरून परतलेल्या बायांना मात्र ते स्वतः विचारत नसत. शांताबाई सिस्टरला पुढे करत आणि आपण पाठ करून उभे राहत. एक बाई म्हणाली, "पानीच पीत न्हाई मी. फडात आडोसा कुठंय?" नाना तो कागद बराच वेळ हातात धरून बसले. त्या दिवशी डबा त्यांनी तसाच घरी नेला.

त्यांचा खरा राग होता तो चौतीस आणि तेहतीस या दोन नंबरांच्या गोंधळावर. चौतीस म्हणजे लघवी तयारच होत नाही. तेहतीस म्हणजे साठलेली आहे, पण बाहेर येत नाही. टंचाईच्या दिवसांत डॉक्टर डोळे झाकून चौतीस धरायचे आणि ‘भरपूर पाणी प्या’ लिहून मोकळे व्हायचे. नानांचा तिळपापड होई. "भरल्या टाकीत आनखी टँकर वततो का बे कोनी?" डॉक्टरांना ‘बे’ म्हणता येत नसे, म्हणून ते मला म्हणत. पण मी का खोटं बोलू, दोन म्हाताऱ्यांना त्यांनी असं वाटेवरून परत केबिनमध्ये ढकललं होतं आणि दोघांच्याही पोटात खरोखर लघवी तुंबलेली निघाली.

मे महिन्यात नानांनी चहा सोडला. पाण्याचा तांब्याही टेबलावरून गेला. मी विचारलं तर म्हणाले, "टंचाई हाय, शिंदे." मला पटलं. त्या दिवसांत काहीही पटायचं.

एका दुपारी मी रजिस्टर मागायला गेलो तर नाना टेबलाची कड घट्ट धरून उभे. अंगातला शर्ट घामाने भिजलेला, ओठ दाताखाली.

"काय होतंय नाना?"

"काय न्हाई. ऊन लई हाय. पानी कमी पेलंय."

ज्या उत्तरावर हा माणूस जगाशी भांडायचा तेच उत्तर त्यांनी मला दिलं. मी घाबरलो. दार लोटून घेतलं आणि विचारलं, "लघवी कधी झाली शेवटची?"

नाना जमिनीकडे बघत म्हणाले, "काल सांजंला. थेंबभर."

"मग का सांगितलं न्हाई?"

मी धरून त्यांना डॉक्टरांकडे नेलं. नळी घातली, पिशवी बघता बघता भरली. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, अजून उशीर झाला असता तर किडन्या हातच्या गेल्या असत्या.

रेकॉर्ड क्लार्कच खाटेवर, त्यामुळे कागद भरायचा माझ्यावर आला. मी स्टूल ओढून बसलो.

"कवापासून हाय, नाना?"

"दोन वर्सं."

"दोन वर्षं? आणि नंबर माहीत होता तुम्हाला?"

"बीडला पुस्तक उघडलं तवाच कळलं. वाचलं आन म्हनलं, हे तर माझंच लिवलंय." ते छताकडे बघत होते. "लोकं कशी सांगत्यात ते ऐकत होतो, शिंदे. म्हनलं, ऐकून ऐकून आपल्यालाबी जमंल. पर न्हाई जमलं."

दोन वर्षं आम्ही या माणसाला हसत होतो.

"सुमन असती तर तिला न सांगता कळलं असतं," नाना आपल्या वारलेल्या बायकोबद्दल म्हणाले. "रातीचा मानूस चार-चार येळा उठतोय म्हनल्यावर बाईच इचारती. आता मी उठलो काय आन बसलो काय."

मग ते बोलतच राहिले. भाकरी कशी करपते, पुण्याच्या पोराचा फोन कधी येतो, अंथरूण एका अंगानंच कसं मळतं. कागदावर यातल्या कशालाच रकाना नव्हता. मी विचारत गेलो, ते सांगत गेले.

डॉक्टर कागद मागायला दारात आले. मी म्हटलं, "थांबा साहेब. नानांचं अजून सांगून झालं नाही."