अर्धा आटा माघारी

जुनी गाडी कशी पारखावी हे मला कुणी शिकवू नये! मी मेकॅनिकचा मुलगा आहे. लोकांची मुलं खुळखुळ्याशी खेळतात, मी स्पार्क प्लगशी खेळलो. त्यामुळे सेकंडहँड स्पोर्ट्स कार घ्यायचं ठरलं तेव्हा मी कुणालाही बरोबर नेलं नाही. गेलो, बॉनेट उघडलं, आत बघून दोनदा "हं" म्हटलं, एका टायरला लाथ घातली आणि गाडी घेऊन आलो. लालभडक! दोन दारं, दोन सीटा आणि बूड जमिनीपासून जेमतेम वीतभर वर.

"आपण घरात माणसं किती?" बायकोनं खिडकीतूनच विचारलं.

"चार."

"आणि सीटा?"

मी हॉर्न वाजवला.

आता तुमच्यापासून काय लपवायचं? ती गाडी मी माझ्यासाठी घेतलीच नव्हती. मी आठ वर्षांचा असताना अप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, गॅरेजमध्ये अशीच एक लाल स्पोर्ट्स कार आली होती. अप्पा तीन दिवस तिच्याखाली आडवे होते. चौथ्या दिवशी मालक यायच्या आधी मला म्हणाले, "चल, ट्रायल घेऊ." पाण्याच्या टाकीपर्यंत गेलो आणि परत आलो, एवढीच फेरी. पण त्या फेरीत अप्पांनी शीळ घातली! आधी कधी घातली नव्हती, नंतरही नाही. परत आल्यावर मी बसलो होतो ती सीट त्यांनी फडक्यानं पुसली आणि म्हणाले, "एकदा आपलीही घेऊ."

त्या 'एकदा'ला चौतीस वर्षं लागली. मधल्या काळात गॅरेज बंद झालं, तिथं चपलांचं दुकान आलं. आई गेली. अप्पा आमच्याकडे राहायला आले आणि गॅलरीतल्या खुर्चीत बसले ते बसलेच. चहा देऊ? "चालेल." जेवायला वाढू? "चालेल." दिवसभर ट्रकांशी भांडणारा माणूस एका शब्दावर आला होता. मला ते बघवत नसे.

पण खाली लाल गाडी उभी राहिली आणि अप्पा स्लिपरा फटफटवत चार जिने उतरून आले! गाडीभोवती तीन प्रदक्षिणा घातल्या, बॉनेट उघडलं आणि कडाडले, "शी! या इंजिनाला शेवटची आंघोळ कधी घातली होती रे?"

सात महिन्यांतलं ते त्यांचं सगळ्यात लांब वाक्य होतं.

रविवारी सकाळी सातला ते बादली आणि माझा एक चांगला बनियन घेऊन खाली हजर. (बनियन फडक्यासाठी. माझ्या अंगावरून काढायचा तेवढा बाकी ठेवला होता.) आणि मग माझ्या लहानपणीचे सगळे नियम पुन्हा सुरू झाले. "फडकं ओलं नको, दमट हवं!" "टायर डोळ्यांनी नाही, हातानं बघायचा!" "गाडीचं तोंड पुसल्याशिवाय गाडी धुतली म्हणायचं नाही!" गाडीचं तोंड म्हणजे पेट्रोलच्या टाकीचं. ते उघडायचं, कडेनं पुसायचं आणि झाकण लावायचं. आणि झाकण लावायचं म्हणजे कसं? तर, "आवळ, आणि अर्धा आटा माघारी!"

हा अप्पांचा सर्वांत लाडका नियम. जुन्या ट्रकांची झाकणं गच्च आवळली की रबर चिकटून बसायचं आणि मग ती हातोडीनं ठोकून उघडावी लागायची. म्हणून आधी आवळायचं आणि मग अर्धा आटा मागं फिरवायचं. "पुढच्या माणसाला उघडता आलं पाहिजे!" अप्पा म्हणायचे. तत्त्व थोर होतं. फक्त ते घरातल्या बाटल्यांनाही लागू होतं! माझ्या दप्तरातली पाण्याची बाटली अप्पांनी भरली की भूगोलाच्या वहीतले सगळे खंड पाण्याखाली जायचे. मग आई अप्पांच्या मागोमाग घरभर फिरून गुपचूप झाकणं आवळायची. बरण्या, बाटल्या, तेलाचा डबा, सगळं. पस्तीस वर्षं आवळली, पण अप्पांना एका शब्दानं बोलली नाही.

तर ते असो. सोमवारी मी ऑफिसला निघालो, आणि डॅशबोर्डवर दिवा लागला. पिवळा! चेक इंजिन!

"बाबा, नळाचं चित्र आलंय," मुलगी म्हणाली. तिला मी शाळेत सोडायचो. इंजिनाचं चित्र खरंच नळासारखं दिसतं.

"काही नाही गं. नवीन जागेत आली की गाडी जरा बुजते."

गाडी चार दिवस बुजलेलीच होती. मी माझं सगळं ज्ञान पणाला लावलं. गाडी वीस वेळा बंद करून चालू केली. डॅशबोर्डला थापट्या मारल्या. शेवटी, अप्पांना कळू न देता, वर्कशॉप गाठलं. अप्पांना न विचारता गाडी घेतली होती ना! "मेकॅनिकचा मुलगा आणि भंगार उचलून आणलंस?" हे ऐकायची माझी तयारी नव्हती.

वर्कशॉपमधल्या माणसाला सगळे 'मास्तर' म्हणत. त्यानं एक वायर गाडीला लावली, दुसरी लॅपटॉपला, आणि चष्म्यातून वाचलं. "टाकीच्या बाजूनं पेट्रोलची वाफ लीक होतेय कुठंतरी." मग पेट्रोलचं झाकण कट्ट-कट्ट-कट्ट असं तीनदा आवळलं, दोन बटणं दाबली, दिवा गेला. मी खूश!

सोमवारी दिवा परत कामावर हजर.

मास्तरनं नळी बदलली. दिवा गेला. सोमवारी हजर! मास्तरनं वॉल्व्ह बदलला. दिवा गेला. सोमवारी हजर! एवढी हजेरी आमच्या ऑफिसात साहेबांचीसुद्धा नाही. मास्तर डोकं खाजवायला लागला आणि मला त्याच्या डोक्याचीच काळजी वाटायला लागली.

एवढ्यात अप्पांना पत्ता लागला. कसा? मुलीनं सांगितलं! "आजोबा, नळाच्या डॉक्टरकडे आम्ही तीनदा जाऊन आलो."

अप्पा तडक माझ्यासमोर येऊन उभे राहिले. म्हणाले, "नखं बघितलीस त्याची? काळं आहे का नखांत? नाही ना? मग तो मेकॅनिक नाही, टायपिस्ट आहे!" आणि खाली जाऊन त्यांनी हातभर लांब स्क्रूड्रायव्हर इंजिनावर टेकवला, मुठीचं टोक कानाला लावलं आणि डोळे मिटले. लहानपणी मला वाटायचं, इंजिन अप्पांच्या कानात गुपितं सांगतं. आताही तसंच वाटलं.

"इंजिन ठणठणीत आहे," डोळे उघडून ते म्हणाले. "दिवा खोटं बोलतोय." आणि खिशातून काळी चिकटपट्टी काढून त्यांनी दिव्यावर चिकटवली. विषय संपला!

विषय कुठला संपतोय? गुरुवारी मी बसनं गेलो आणि बायकोची बस चुकली. ती गाडी घेऊन ऑफिसला गेली आणि येताना मोठ्या हौसेनं तिच्या मोठ्या मॅडमना घरी सोडायला निघाली. उन्हानं चिकटपट्टी सैल झाली आणि भर चौकात टपकन तिच्या मांडीवर पडली. खाली पिवळा दिवा!

"अगंबाई!" बायको किंचाळली आणि तिनं ब्रेक दाबला.

मॅडमना वाटलं, आता गाडीचा स्फोट होणार! त्या दार उघडून पळत सुटल्या त्या थेट समोरच्या औषधांच्या दुकानात. एक सँडल चौकात राहिली. बायको सँडल घेऊन मागं धावली. तिला धावताना पाहून मॅडम आणखी आत शिरल्या!

संध्याकाळी घरात दरबार भरला.

"अहो, एक तारखेपर्यंत हा दिवा विझला तर ठीक," बायको म्हणाली. "नाही तर गाडी विकायची. मॅडम आता मला लिफ्टमध्येसुद्धा घेत नाहीत!"

मी हो म्हटलं. चूक तिची नव्हतीच. पण गॅलरीत खुर्ची करकरली, आणि मी वळून पाहिलं तर अप्पा दारात उभे. मी ताट वाढू का विचारलं तेव्हा म्हणाले, "चालेल."



दुसऱ्या दिवशी सकाळी सहालाच अप्पा खाली! रविवार नव्हता, शुक्रवार होता. मग शनिवारी. मग रोज. रोज गाडी पुसायची, वायरी हलवून बघायच्या, टाकीचं तोंड साफ करायचं. "विकू नकोस रे," जिन्यात थांबून, धाप टाकत ते मला म्हणाले. "मी आहे ना. मी शोधतो." या माणसानं आयुष्यात मला कधी काही मागितलं नव्हतं.

आणि दिवा? पूर्वी निदान तीन-चार दिवस रजेवर तरी जायचा. आता हलायलाच तयार नाही! अप्पा जितकी जास्त सेवा करत तितका तो जास्त ठामपणे जळे.

तीस तारखेला मी अप्पांना घेऊन वर्कशॉपमध्ये गेलो. अप्पांनी मास्तरची नखं बघितली. मास्तरनं अप्पांचा हातभर स्क्रूड्रायव्हर बघितला.

"आज धूर सोडून बघू," मास्तर म्हणाला. "नळीतून टाकीत धूर सोडायचा. जिथून बाहेर येईल तिथं लीक." आणि सवयीनं तो आधी झाकण आवळायला गेला.

"थांब!" अप्पा गरजले. अख्खं वर्कशॉप थांबलं. "हात लावायचा नाही! गाडी जशी आली तशीच तपासायची! पेशंटला आधी औषध पाजून मग ताप बघतोस होय रे?"

मास्तर चपापला. "हे मात्र बरोबर बोललात," म्हणाला आणि हात मागं घेतला.

धूर सोडला. आम्ही तिघं गाडीभोवती वाकून उभे. पुढून काही नाही. खालून काही नाही. आणि मग, पेट्रोलच्या झाकणाच्या कडेनं, अगदी सावकाश, पांढऱ्या धुराची एक बारीक रेघ वर आली.

मास्तरनं झाकणाला नुसतं बोट लावलं. झाकण अर्धा आटा पुढं सरकलं. धूर थांबला!

माझ्या डोक्यात मात्र लख्ख उजेड पडला. रविवार, सोमवार! रविवार, सोमवार! आणि आता रोज! भूगोलाची वही, तेलाचा डबा, घरभर फिरणारी आई, सगळं एकदम डोळ्यांसमोर आलं.

"झाकण सैल!" मास्तर ओरडला. "तीन वेळा माझी इज्जत गेली आणि काय, तर झाकण सैल! लावतं कोण हे?"

मी अप्पांकडे पाहिलं. ते धुराच्या जागेकडे टक लावून बघत होते आणि त्यांच्या कपाळावर एक आठी हळूहळू गोळा होत होती. आणखी एका क्षणात त्यांना कळलं असतं. मग परत गॅलरी, परत खुर्ची, परत 'चालेल'!

"मी!" मी ओरडलो. जरा जास्तच जोरात. "मीच लावतो. आज सकाळीसुद्धा, अप्पा वर गेल्यावर मी पेट्रोल भरून आणलं ना!"

पेट्रोल आठवडाभर भरलं नव्हतं. मास्तरनं काट्याकडे पाहिलं, काटा पार तळाला होता. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी अप्पांच्या पाठीमागून हात जोडले.

अप्पांच्या कपाळावरची आठी सुटली आणि त्यांनी मला असं काही झापलं की शेजारच्या टायरवाल्यानंही हातातलं काम ठेवलं. "मेकॅनिकचा मुलगा आणि झाकण लावता येत नाही? लाज काढलीस! दिवा बिचारा महिनाभर खरं सांगत होता! बाजूला हो. इकडे बघ. मास्तर, तुम्हीही बघा. झाकण असं आवळायचं…"

कट्ट-कट्ट-कट्ट!

"…आणि अर्धा आटा माघारी!"

मास्तरचं तोंड उघडं पडलं. मी हात जोडलेलेच ठेवले. शेवटी तो म्हणाला, "बरोबर आहे, अप्पा." त्या एका वाक्यासाठी मी त्याला जन्मभर गिऱ्हाईक राहीन.

परत येताना गाडी अप्पांनी चालवली. पाण्याची टाकी वाटेत नव्हती, तरी आम्ही लांबचा वळसा घेतला. मोठ्या रस्त्याला लागल्यावर अप्पांनी शीळ घातली. आता दात कमी असल्यामुळे तिच्यात हवा जास्त होती. मी बाहेर बघत बसलो, कारण माझ्या डोळ्यांत काहीतरी गेलं होतं.

एक तारखेला दिवा बंद होता. या गोष्टीला आता सहा महिने झाले. "टायपिस्टानं तीनदा उघडली, मी एका नजरेत पकडलं," असं अप्पा सोसायटीत सगळ्यांना सांगतात. रविवारी ते गाडी धुतात, तोंड पुसतात, झाकण लावतात. दुपारी ते झोपले की मी हळूच खाली जातो आणि कट्ट-कट्ट-कट्ट करून येतो. आईनं हे पस्तीस वर्षं कसं केलं आणि एकदाही सापडली कशी नाही, हे तिला विचारायचं राहून गेलं.

परवा मुलगी शाळेतून आली ती रडतच. दप्तर ठिबकत होतं. भूगोलाची वही टेबलावर आपटून म्हणाली, "सगळी बाटली सांडली! माझी बाटली सकाळी कुणी भरली होती?"

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या हाताकडे पाहिलं. आणि भर वर्कशॉपमध्ये बापाचा दोष छातीवर झेलणारा मी, क्षणाचाही विचार न करता म्हणालो, "आजोबांनी!"

"बाबा," मुलगी म्हणाली, "आजोबा सोमवारपासून आत्याकडे आहेत."