पिंपरीच्या बाजारात विंचवाचा उतारा

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी पिंपरीच्या भाजीगल्लीत इल्झेबाई एका पायाच्या टोकावर उभ्या राहिल्या आणि दुसरा पाय त्यांनी मागे कमरेच्या वर उचलला.

बाई युरोपातून आलेल्या बॅले मंडळीतल्या. पायाच्या टोकांवर नाचणं हा त्यांचा धंदा. संध्याकाळी साडेसहाला पुण्यात त्यांचा एकच प्रयोग होता आणि तिकिटं संपली होती. नाचाच्या बुटांची पेटी चुकून मद्रासला गेली होती. उरलेला एकुलता एक जोड घालूनच बाई आल्या होत्या.

नव्या कारखान्यांच्या गावात भर रस्त्यावर बॅले! हा फोटो आमच्या वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर घ्यायची कल्पना माझी. "बाई आणि बूट दुपारपर्यंत जसेच्या तसे परत," असं मी त्यांच्या व्यवस्थापकाला लिहून दिलं होतं. एकोणीस वर्षं रोजच्या रोज पान वेळेवर भरणाऱ्याला दोन पाय सांभाळणं काय अवघड!

"थांबा, ढग आलाय," फोटोग्राफर ज्योतीराम म्हणाला.

बाई तशाच थांबल्या. ढगाला घाई नव्हती.

समोर पुनावळ्याच्या सरुबाई वांगी मांडत होत्या. त्यांनी बाईंच्या वर धरलेल्या पायाकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"अगं बया! इंचू चावला गं बाईला!"

"चावलेला नाही," मी म्हणालो. "नाचतायत त्या."

"इंचू चावल्यावर समदीच नाचत्यात!"

"अहो, हसतायत बघा!"

"कळ मस्तकात गेली की हसतंच मानूस. माझा थोरला दीर दोन दिस हसत व्हता. आवो गेनूभावजी! पळा!"

गेनू बैलगाडीतून पाटी उतरवत होता. पुनावळ्यात विंचू उतरवणारा तोच. या विद्येचे नियम कडक. हाक आली की हातातलं टाकून धावायचं. पैसा घ्यायचा नाही. आणि विष उतरेपर्यंत मंत्राशिवाय अक्षर बोलायचं नाही. पहिले दोन नियम कौतुकाचेच आहेत. तिसऱ्याने माझा घात केला. जो बोलतच नाही त्याच्याशी वाद घालायचा कसा?

गेनूने पाटी सोडली. वांगी गटारापर्यंत गेली. त्याने बाईंना पालथ्या टोपलीवर बसवलं, गुडघ्याखाली सुतळी आवळली आणि आघाड्याच्या काडीने पाय वरून खाली झाडायला लागला. बाईंना वाटलं, पाहुण्यांचं स्वागत चाललंय. त्यांनी हात जोडले आणि इंग्रजीत काहीतरी म्हणाल्या.

"काय म्हनली?" सरुबाईंनी विचारलं.

"किती प्रेमळ माणसं आहेत, म्हणाल्या."

"वात झाला! बरळाया लागली!"

गल्ली आता माणसांनी भरली होती. मी गेनूला विनवलं, दटावलं, वर्तमानपत्राचं नाव सांगितलं. तो पुटपुटत राहिला. दहा मिनिटांत सुतळीखालचं पाऊल टम्म फुगलं.

"आता बोला!" सरुबाई माझ्यावर उखडल्या. "म्हनं चावला न्हाई!"

"अहो, ती सूज सुतळीची आहे!"

"सुतळीला नांगी आसती व्हय?"

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण विंचू मारल्याशिवाय सरुबाईंचं समाधान होईना. त्यांनी बाईंच्या पायातला बूट काढला, झटकला, टोक चाचपलं.

"मेला हितं दडून बसलाय! टनक लागतोय!"

बॅलेच्या बुटाचं टोक कापडावर खळीचे थर चढवून टणक केलेलं असतं. त्याच्याच जोरावर बाई उभ्या राहतात. हे मी सांगेपर्यंत सरुबाईंनी तराजूतलं अर्ध्या शेराचं वजन उचललं होतं. ते पाहून बाईंनी आ केला. त्याच वेळी ढग सरला. ज्योतीरामने फोटो काढला.

पाच घाव पडले. बाई पहिल्यांदाच किंचाळल्या.

तेव्हा गेनूने तोंड उघडलं. "उतरलं."

त्याने सुतळी सोडली, वांगी गोळा केली आणि गेला. सरुबाईंनी बाईंना गूळ दिला आणि सपाट झालेला बूट त्यांच्या ओटीत टाकला.

"आत न्हवता बरं का," त्या मला हळूच म्हणाल्या. "पळाला आसंल आदीच."

दुपारी दोनला संपादकांनी फोटो पाहिला. उंच उगारलेलं वजन, खाली गेनूच्या हातात पाय, मधे बाईंचा आ.

"काय प्रसंग उभा केलाय! कोणता नाच हा?"

"चौकशी करून सांगतो," मी म्हणालो.

सव्वासहाला मी रंगमंचामागे होतो. बाईंचा पाय बर्फाच्या बादलीत होता. शेजारी रविवार पेठेतला एक चांभार सरस लावून बुटाचं टोक शेगडीवर शेकत होता. असला बूट त्याने जन्मात पाहिला नव्हता. "ह्यावर मानूस उभं ऱ्हातं?" त्याने तिसऱ्यांदा विचारलं. व्यवस्थापक माझ्याकडे बघत नव्हते. त्यांनी बघावं अशी माझीही इच्छा नव्हती.

साडेसहाला तिसरी घंटा झाली. बाहेर लोक टाळ्या पिटायला लागले. कार्यालयातून फोन आला, "नाचल्या का? पान अडलंय!"

सहा अडतीस. पाय बुटात गेला आहे. बाई अजून उभ्या राहिलेल्या नाहीत.