तेलाची परीक्षा

आमच्या भाऊजींचा जन्म पाणी तपासण्यात गेला. प्रयोगशाळेतली नोकरी ती. कुणाकडे पाहुणे म्हणून गेले तरी हातातला पेला आधी उजेडाला धरणार. निवृत्त झाले आणि तपासायला घरात उरली फक्त बायको, म्हणजे माझी धाकटी जाऊ. धाकटीचा उजवा गुडघा असा वाजायचा, की ती जिन्यात असली की वरच्या मजल्यावर वाटायचं, कुणी गंजकं फाटक उघडतंय!

डॉक्टरांनी दुर्बिणीचं ऑपरेशन सांगितलं होतं. बारीकसं भोक पाडायचं, आत दुर्बीण सारायची आणि झिजलेला सांधा धुऊन साफ करायचा. धाकटी चाकू लावून घ्यायला तयार नव्हती. तिच्याकडे बहिणीनं दिलेलं हिरवं तेल होतं. त्याचा वास असा, की माश्यासुद्धा वळसा घालून जायच्या. भाऊजींच्या मते ती शुद्ध थाप होती. रोजची भांडणं झाली आणि शेवटी ठरलं: तेल थाप आहे हे शास्त्रानं सिद्ध झालं, तर धाकटी मुकाट्यानं ऑपरेशनला आडवी होणार. नाही झालं, तर भाऊजी ऑपरेशनचं नाव काढणार नाहीत.

"महिन्याभरात निकाल लावतो," भाऊजी छाती पुढे काढून म्हणाले.

इमारतीत गुडघे दुखणाऱ्या बायका मागाल तेवढ्या. भाऊजींनी कोपऱ्यावरच्या औषधवाल्याला गाठलं. त्यानं अर्ध्या बाटल्यांत हिरवं तेल भरलं, अर्ध्यांत साधं खायचं तेल; वर तोच रंग, तोच वास. कुठली बाटली कुठली, हे एकट्या औषधवाल्याला ठाऊक. भाऊजींनी मुद्दाम स्वतःलाही कळू दिलं नाही. म्हणे, माझा चेहरा बोलून जाईल. मग बायकांना जमवून सगळं नीट समजावलं, काहींना खरं मिळेल, काहींना खोटं, कुणी विचारायचं नाही. इथेच घोळ झाला बघा!

महिना सरला. भाऊजी दारोदार विचारत फिरले आणि हबकलेच. एकजात सगळ्यांना बरं वाटत होतं! खालच्या मजल्यावरची शिंपीणबाई, जिला खुर्चीतून उठवायला दोन माणसं लागायची, ती पायानं मशीन दामटत होती. औषधवाल्याला विचारायचीसुद्धा गरज उरली नाही. भाऊजी दोन-दोन पायऱ्या चढत घरी आले आणि धाप टाकत सांगू लागले, की साध्या तेलानंही तेवढंच बरं वाटतंय, म्हणजे हिरव्यात काही दम नाही, तेव्हा आता दवाखान्याची पिशवी भर.

धाकटी भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "अहो, पण ते तेल आम्ही एकत्र केलं होतं."

"काय एकत्र केलं?"

"सगळ्यांचं तेल. आपल्या मोठ्या पातेल्यात. एखादीच्या वाट्याला खोटं आलं तर तिनं काय घोडं मारलंय? म्हणून ढवळून सारखं वाटून घेतलं. रोज संध्याकाळी गच्चीवर फेऱ्या मारतो आणि एकमेकींचे गुडघे चोळतो."

भाऊजी स्टुलावर बसले ते बसलेच. तोंडाचा आ असा वासलेला, की डॉक्टरांची दुर्बीण सहज आत गेली असती. आयुष्यात त्यांचा एक नमुना कधी सांडला नव्हता, आणि इथे अख्खा प्रयोग पातेल्यात ढवळला गेला होता!

निकाल ना इकडचा, ना तिकडचा. मग डॉक्टरांनाच पंच करायचं ठरवून दोघं त्यांच्याकडे गेले. सगळी हकीकत ऐकून डॉक्टर डोळे पुसेपर्यंत हसले. ते थांबल्यावर धाकटीनं विचारलं, "डॉक्टर, तेलाची एवढी परीक्षा झाली. तुमच्या ऑपरेशनची झालीय का हो? अर्ध्यांना खरं आणि अर्ध्यांना नुसतं वरवर चिरून टाके?"

भाऊजींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. हिला काही कळत नाही, मनावर घेऊ नका, असं ते पुटपुटले. डॉक्टर मात्र हसले नाहीत. चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि हळूच म्हणाले, की झालीय, अगदी अशीच झालीय. झिजलेल्या गुडघ्यांना खोट्या ऑपरेशननंही तेवढंच बरं वाटलं होतं.

भाऊजी पांढरेफटक पडले.

"मग तुम्ही हिला ऑपरेशन सांगितलंत कशाला?"

डॉक्टर ओशाळले. "मी आधी चालणं आणि व्यायामच सांगितला होता. तुम्हीच माझ्या मागे लागलात साहेब, की व्यायामबियाम नको, काहीतरी शास्त्रीय करा."