उंद्रीहून जगाला चूलबंद आवतन

"सून गुणाची हाये वं, पन बोलतच नाई. मायनं सायलेंटवर टाकून धाडली का काय, देव जाने!"

झुंबरबाई हे भिंतीपलीकडच्या रुक्मिणीबाईंना सांगत होत्या, तेव्हा सायलेंटवरची सून, म्हणजे पुष्पांजली, दोरीवरच्या ओल्या लुगड्याआड उभी होती. तिला राग आला नाही. उलट उपमा चांगली आहे, असंच वाटलं. (कौतुक बोलून दाखवायची मात्र सोय नव्हती.)

ती मुळात मुकी नव्हती. माहेरी, साखरखेर्ड्याला, तिचं बोलणं थांबवायला चुलत्यांना ओरडावं लागे. पण लग्नानंतर पहिल्याच सकाळी तिने "पाणी तापायलंय" म्हटलं, आणि उंद्रीचं अख्खं घर हसलं. "तापायलंय! अवं, तापून राह्यलं म्हन!" हसणं मायेचंच होतं. सासरे भगवानरावांनी तर हसताहसता तिच्यापुढे लाडवांचा डबाही सरकवला. पण साखरखेर्डा ते उंद्री एवढ्याशा अंतरात आपली भाषा आंबते, हे पुष्पांजलीच्या मनाने घेतलं. तेव्हापासून तिच्या तोंडून दोनच शब्द निघत, 'हो' आणि 'नाही'. पैकी 'नाही' तर फारच क्वचित.

नवरा ज्ञानेश्वर चिखलीत कॉम्प्युटर दुरुस्त करी. एका जुन्या मशीनवर त्याने घरातच एक सोशल नेटवर्क चालू केलं होतं, नाव 'उंद्रीचा पार'. त्याचा मालक कोणी कंपनी नव्हती. ज्याने त्याने आपल्या घरी आपला सर्व्हर लावायचा आणि ते सगळे एकमेकांशी जोडायचे.

"म्हंजे गावागावाचा पार," भगवानराव म्हणाले, "अन् पाराले पार जोडला."

उंद्रीच्या पारावर सभासद म्हणजे सगळे भाऊबंदच. त्यातले निम्मे पासवर्ड विसरलेले. पण जोडलेल्या पारांवर फिनलंड होतं, ब्राझील होतं, जपान होतं. भगवानराव ओसरीवर टॅबलेट घेऊन बसत आणि भाषांतराचं बटण दाबदाबून जगाची विचारपूस करीत. फिनलंडच्या माणसाने स्वरांची लांबच लांब माळ लावली की त्यांची मान डोले. "काय गोड भाषा हाये या बेट्याची! समजत काई नाई, पन गोड हाये."

('तापायलंय' एवढंच काय ते कडू, असं चहा ठेवताना पुष्पांजलीच्या मनात येई.)

ती स्वतःही वाचत असे. स्पेनच्या डोंगराळ भागातल्या मायते नावाच्या बाईने एकदा लिहिलं होतं : आमची भाषा बास्क, बोलणारे मूठभर, तरी डोंगरापलीकडच्या गावात लग्न करून गेले तर माझ्या बोलण्याला सासर हसलं. पुष्पांजलीने ते पुन्हा पुन्हा वाचलं आणि खालची चांदणी दाबली. मजकूर मनाला भिडला की चांदणी दाबायची, अशी तिथली रीत.

ही रीत भगवानरावांना कोणी सांगितली नव्हती.

गहू घरात आला, वांगी लगडली, तेव्हा त्यांनी शेतात रोडग्यांचं, म्हणजे गोवऱ्यांवर भाजायच्या कणकेच्या गोळ्यांचं, जेवण ठरवलं. गावाला आवतन दिलं, तेही चूलबंद. म्हणजे त्या दिवशी घरची चूल पेटवायचीच नाही, लेकराबाळांसकट जेवायला यायचं. मग त्यांच्या मनात आलं, रोज ज्यांच्याशी बोलतो त्यांना वगळायचं कसं? त्यांनी पारावर लिहिलं : "समद्यायले चूलबंद आवतन. कोनी घरी चूल पेटवू नका."

जगाला ते भयंकर आवडलं. चांदण्यांचा पाऊस पडला.

"अवं, ऐकलं का!" भगवानराव ओरडले. "हा जपानवाला येतो म्हनते! हा ब्राझीलचा, हा बी येतो! समद्यायनं चांदनी लावली!"

पुष्पांजली चहा घेऊन उंबऱ्यात होती. तिला सगळं ठाऊक होतं. तिने घसा खाकरला, मनातल्या मनात वाक्य उंद्रीच्या भाषेत फिरवून पाहिलं, ते मध्येच अडकलं, आणि तोंडून निघालं ते एवढंच, "मामाजी, चहा."

त्या गिळलेल्या वाक्याची किंमत वाढत गेली. कणीक पोत्याने आली. मांडव पडला. जपानी माणूस मांडी घालून बसतो की नाही, यावर गावात दोन तट पडले आणि खबरदारी म्हणून खुर्च्याही आल्या.

आदल्या संध्याकाळी ज्ञानेश्वर आठवड्याने चिखलीहून आला, मांडव पाहून चक्रावला आणि कारण ऐकून मटकन खाली बसला.

"बाबा, चांदनी म्हंजे 'येतो' नाई हो! चांदनी म्हंजे वाचून बरं वाटलं, बस!"

भगवानरावांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. "फक्त बरं वाटलं? गावाले सांगून बसलो ना बे मी. उद्या तोंड कसं दाखवू?"

पुष्पांजलीचं तोंड उघडेना, पण बोटं मोकळी होती. मायतेने सकाळीच लोणारच्या सरोवराचा फोटो टाकला होता. ती भारतात हिंडायला आली होती. पुष्पांजलीने मोडक्यातोडक्या इंग्रजीत तिला सगळं लिहिलं. उत्तर आलं : "येते."

दुसऱ्या दिवशी अख्खं गाव शेतात जमलं आणि भगवानराव मांडवामागे वांगी चिरत लपले. तेवढ्यात जीप थांबली. उन्हाने लाल झालेली उंच मायते उतरली आणि हात जोडून तिच्या भाषेत म्हणाली, "काइशो!"

"काइशो माय, काइशो!" झुंबरबाईंनी तिला कवटाळलंच. भगवानराव सुरी हातात घेऊनच बाहेर आले. मग पागोटं सारखं करून गावाकडे असं पाहू लागले, की जपान केवळ गाडी चुकली म्हणून राहिला असावा.

जेवण बसलं. शेतात रेंज नव्हती, भाषांतराचं बटण मुकं झालं. गोवऱ्यांच्या निखाऱ्यांतून काढलेला रोडगा झुंबरबाईंनी फोडला, तुपात बुडवला आणि मायतेच्या ताटात ठेवला. मायतेने तो संपवला. झुंबरबाईंनी दुसरा ठेवला. तिने तोही संपवला. "पाय वं, कशी आवडीनं खाते!" म्हणत तिसरा आला. वर वांग्याची भाजी, वर आणखी तूप.

मायतेच्या कपाळावर घाम आला. ती शेजारी बसलेल्या पुष्पांजलीकडे झुकली आणि इंग्रजीत कुजबुजली, "ताटात टाकलं तर तुझी सासू दुखावेल ना? आमच्याकडे दुखावतात."

झुंबरबाई चौथा रोडगा घेऊन येतच होत्या. मायतेने डोळे मिटले. पुष्पांजलीने सासूकडे पाहिलं, मायतेकडे पाहिलं, आणि वाक्य कुठल्याच भाषेत फिरवत न बसता उठून उभी राहिली.

"आत्याबाई, थांबा! ती ताट रिकामं करायली म्हणून तुम्ही वाढायलात, आन् तुम्ही वाढायलात म्हणून ती बिचारी खायली! मरंल ना ती!"

'वाढायलात'ला कोणी हसलं नाही. झुंबरबाईंच्या हातातला रोडगा हवेतच राहिला.

"अवं माय... बोलली!" त्यांचे डोळे भरून आले. रोडगा टोपल्यात टाकून त्यांनी तुपकट हातांनीच सुनेचं तोंड कुरवाळलं. "बोल वं बाई, तुह्या बोलीत बोल. मी काऊन हासली व्हती त्या दिवशी, मलेच नाई समजत." मग एकाएकी त्या दचकल्या. "अन् तू वं? तू बी तं रोज ताट चाटूनपुसून साफ करते. मी म्हनो, पोरीले माह्या हातचं लय आवडते..."

"आवडतं ना, आत्याबाई," पुष्पांजली सगळ्या गावासमोर म्हणाली, "पण 'पुरे' म्हणायची लाज वाटायली म्हणून खातच बसले मी, आन् आता लग्नातलं एकबी ब्लाऊज मला बसंना झालंय!"